चार महिने हनोईत, आणि 'काहीच पाहिलं नाही'

(पत्र लांब होतं. नाव, कॉलेज आणि ऑफिस गाळून त्यातला मुद्दा तेवढा देते.)

वय २२. आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. हनोईतल्या एका ऑफिसात सहा महिन्यांची इंटर्नशिप; सप्टेंबरच्या सुरुवातीला रुजू झाली, मार्चच्या सुरुवातीला संपेल. स्टायपेंड महिना ७० लाख डोंग. ऐकायला भरपूर, रुपयांत तेवीस हजारांच्या आसपास, आणि निम्मा खोलीभाड्यात जातो. काम म्हणजे दरवाजे-खिडक्यांची शेड्यूल्स (मापांचे तक्ते) आणि टॉयलेट डिटेल्स (बारीक ड्रॉइंग्ज). बरोबरचे दोन युरोपीय इंटर्न दर शनिवार-रविवारी कुठेतरी असतात: सापाचे डोंगर, हा लाँगचा उपसागर, एकदा तर बँकॉक. ही आतापर्यंत एकदाच बाहेर पडली, निन्ह बिन्हला. घरून रोज फोनवर विचारणा, 'या आठवड्यात काय पाहिलंस?' कॉलेजला लागणारे दिवस जानेवारीअखेर भरतात. त्याच सुमारास भारतातून दोन मैत्रिणी येणार आहेत. ऑफिस पाच आठवडे आधी सोडायचं आणि त्यांच्याबरोबर व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड फिरायचं, असा बेत शिजतोय. 'एवढ्या लांब येऊन नुसती स्क्रीनसमोर बसून परत गेले, ही रुखरुख आयुष्यभर राहील. सोडू का?'

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना न पाहिलेल्या ठिकाणांची तुझी यादी मोजली: अकरा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि तीन वाक्यांखाली रेघ मारली. तिन्ही तू जाता जाता लिहिली आहेस, मूळ प्रश्नाशी त्यांचा काही संबंध नसल्यासारखी. माझं उत्तर बरंचसं त्या तीन वाक्यांनाच आहे.

पहिलं वाक्य: 'ऑफिसने सांगितलं म्हणून डिसेंबरात लाओसच्या सीमेवर जाऊन शिक्का मारून आले.'

अगं, हे वाक्य पत्रात सगळ्यात वर हवं होतं! म्हणजे तू पर्यटकांच्या ई-व्हिसावर राहते आहेस. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम सगळ्याच देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. घरबसल्या मिळतो, त्यामुळे लहान ऑफिसं आळशी होतात. इंटर्नला पर्यटक म्हणून बोलवायचं आणि तीन महिने झाले की सीमेकडे पिटाळायचं. पण तो व्हिसा फिरण्यासाठी आहे, ऑफिसात बसून काम करण्यासाठी नाही, मग त्या कामाला इंटर्नशिप म्हणा नाहीतर आणखी काही. खरं तर तुझ्यासारख्यांसाठी कायद्यात वाट आहे. परदेशी कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा तिथल्या कंपनीशी इंटर्नशिपचा लेखी करार असेल, तर वर्क परमिटमधून सूट मिळते. फक्त ते कागद ऑफिसने करायचे असतात आणि व्हिसाही त्याला साजेसा लागतो. आपोआप यातलं काही होत नाही. तपासणी झालीच, तर ऑफिस दंड भरून मोकळं होईल. देश सोडायला सांगतील ते तुला. 'सगळे असंच करतात' असं तुझा वरिष्ठ म्हणाला. करतही असतील. पण सापडतो तो एकटाच सापडतो, तेव्हा 'सगळे' आजूबाजूला नसतात.

तेव्हा सोमवारी ऑफिसला साधी ईमेल लिही. भांडणाचा सूर नको. 'माझी इंटर्नशिप कोणत्या व्हिसावर आणि कोणत्या कागदावर धरली आहे, आणि मार्चपर्यंत ती नियमात बसवण्यासाठी काय करणार आहात?' एवढंच. ज्यांच्या घरात राहतेस त्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही विचार, की तुझी 'ताम चू' म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे केली आहे ना. परदेशी माणूस राहायला आला की १२ तासांत ती करणं हे घरमालकाचं काम असतं. सीमेवरून परतल्यावर ती पुन्हा केली का, तेही विचार. ऑफिसने टोलवाटोलवी केली, तर जानेवारीअखेर खुशाल सोड. या एका कारणासाठी सोडलंस तर मी तुझी पाठ थोपटीन. हा लाँगच्या फोटोंसाठी सोडलंस तर नाही.

(परदेशी इंटर्नशिपच्या खटपटीत असलेल्या बाकीच्यांनी हा परिच्छेद कापून ठेवा. काम कसलं, हे विचारायच्या आधी व्हिसा कसला, हे विचारा. सिंगापूरमध्ये यासाठी ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पास असतो, जपानमध्ये पगारी इंटर्नशिपला वेगळा व्हिसा लागतो. 'आधी टूरिस्ट म्हणून या, मग बघू' असं जो म्हणेल, त्याच्याकडून ते 'मग बघू' विमानाचं तिकीट काढायच्या आधी लिहून घ्या.)

आता दुसरं वाक्य. 'जेवणानंतर ऑफिसचे दिवे बंद करतात, सगळे टेबलांखाली चटया पसरून झोपतात, आणि मी अंधारात मोबाइलवर बाकीच्यांचे फोटो बघत बसते.'

हे वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. कामानिमित्त एक हिवाळा मीही हनोईत काढलाय. पहिल्या दिवशी मला वाटलं, वीज गेली! कुणी काही बोलेना, नुसती चटयांची सळसळ. चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न विचारता घडीची खाट आणून माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली. झोप काही आली नाही. पण दीडला दिवे लागले तेव्हा सगळे गालावर चटईचे वळ घेऊन उठलेले, कुणीतरी पेरू चिरतंय, कुणी तिखट-मीठ कालवतंय, आणि सकाळभर स्क्रीनला चिकटलेली तीच माणसं भडाभडा बोलतायत. कुणाचं लग्न ठरतंय, कुठल्या क्लायंटने पैसे बुडवलेत, कुठल्या साइटवर पाणी शिरलंय, हे मला त्या दहा मिनिटांत कळायचं. मीटिंगमध्ये कधी कळलं नाही. तू त्या वेळात मोबाइलवर सापाला गेलेली असतेस. एक चटई विकत घे. झोप नाही आली तरी आडवी हो.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी वय विचारलं, ही तुझी तक्रार याच्याच शेजारी लिहिलेली आहे. त्यात भोचकपणा नसतो गं. त्या भाषेत रोजच्या बोलण्यातलं 'मी' आणि 'तू'च मुळी नात्याचं असतं. समोरचा आपल्याहून मोठा पुरुष असेल तर 'आन्ह', मोठी बाई असेल तर 'चि', आणि धाकटं कुणीही असेल तर 'एम'; म्हणजे दादा, ताई आणि धाकटं भावंड. शिवाय स्वतःलाही तेच म्हणायचं: मोठ्या सहकारी बाईशी बोलताना तू 'मी' म्हणायचं नाहीस, 'एम' म्हणायचंस. वय कळल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही. आपल्याकडे अनोळखी रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. (लग्नाबद्दल विचारतात तो मात्र भोचकपणाच. त्यावर हसून 'अजून नाही' म्हणायचं; तिथे सगळ्याच मुली तेच सांगतात.)

तुझ्या पत्राच्या मुळाशी एक गृहीतक आहे: ऑफिस एकीकडे, देश दुसरीकडे, आणि ऑफिस मध्ये उभं असल्यामुळे देश दिसत नाही. मला उलटं दिसतंय. हनोईतल्या दहा-वीस माणसांना तू रोज कुठे असतेस हे माहीत आहे, नाही आलीस तर ती विचारतील, तुझ्यासाठी चटईची जागा राखून ठेवतील. पाठीवर सॅक घेऊन पाच आठवड्यांत चार देश करणाऱ्याला हे कुठून मिळणार? ते दोन युरोपीय इंटर्न चुकतायत असं मी म्हणत नाही. त्यांच्या खिशात घरून आलेले युरो आहेत, तुझ्या खिशात डोंग. त्यांच्या शनिवार-रविवारशी तू बरोबरी करायला गेलीस, तर हिशेब कधीच जुळणार नाही. आणि रात्रभर बसमध्ये काढून सोमवारी टेबलाखाली सगळ्यात गाढ कोण झोपतं, तेही एकदा बघून घे.

तिसरं वाक्य माझं आवडतं: 'खालच्या मजल्यावरच्या काकू महिन्यातून दोनदा जेवायला बोलावतात, पण मी शाकाहारी, त्यांना उगाच त्रास, म्हणून मी काहीतरी कारण सांगते.'

महिन्यातून दोनदा! कधी, ते पाहिलंस का? भिंतीवरचं चांद्र कॅलेंडर बघ. मी पैजेवर सांगते, ती पहिली आणि पंधरावी तिथी असणार. आपली एकादशी असते ना, तसं व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध घरांत या दोन दिवशी मांस-मासे वर्ज्य असतात. एरवी तिथल्या भाजीतसुद्धा 'नुओक माम', म्हणजे माशाचं रस्सेदार मीठच म्हण ना, पडतं; या दिवशी तेही नाही. म्हणजे ज्या कारणासाठी तू नाही म्हणतेस, त्याच कारणासाठी त्या बोलावतायत. घरात तुला चालेल असं शिजतं त्याच दिवशी त्यांनी तुझी आठवण काढली, आणि तू चार महिन्यांत आठेक वेळा 'कॉल आहे' म्हणालीस!

शाकाहाराला तिथे 'चाय' म्हणतात. आणि हनोईच्या बोलीत चहा म्हणजे 'चा'. या दोन शब्दांनी माझी अनेकदा फजिती केली आहे. चहाच्या टपरीवर मी शाकाहाराची घोषणा करून बसायचे आणि टपरीवाली समजुतीने मान हलवायची. काकू तुझ्या आई-बाबांहून मोठ्या असतील तर त्यांना 'बाक' म्हण, लहान असतील तर 'को'. कुठलं ते त्यांनाच विचार, त्यांना आवडेल.

आणि आता तुझ्या धंद्याचं. मी आर्किटेक्ट नाही, पण तू राहतेस ते घर पुढून तीन-चार मीटर रुंद आणि आत लांबलचक, बोगद्यासारखं, असं तूच लिहिलंयस. हनोईची 'नळीघरं' ती हीच. आणि 'जिन्याजवळ वरपर्यंत उघडी जागा आहे, पावसात तिथून पाणी येतं' अशी जी तक्रार तू केली आहेस, त्या जागेला तिथे 'झिएंग चोइ' म्हणतात. शब्दशः आकाशाची विहीर. तीन बाजूंनी भिंती जोडलेल्या घराला उजेड आणि वारा मिळतो तो तिच्यातून. चार महिने तू ऑफिसात जी टॉयलेट्स काढते आहेस, त्यांतली निम्मी तरी अशाच एखाद्या विहिरीला चिकटून असतील. मग टेप घे, काकूंची परवानगी घे, आणि राहत्या घराचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे मोजमापं घेऊन नकाशा, कर. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, कुठे मोटरसायकल लावतात, कुठे पूर्वजांच्या पूजेचा कट्टा आहे, दुपारी दोनला ऊन कुठल्या पायरीपर्यंत उतरतं, सगळं. चार-पाच रविवार लागतील. पोर्टफोलिओत ती शीट दरवाज्यांच्या शेड्यूलपेक्षा नक्कीच जास्त बोलेल, आणि ती ऑफिसातल्या एखाद्या 'चि'ला दाखवलीस तर कामही बदलून मिळण्याची थोडी आशा आहे. थोडीच, हं. टॉयलेट डिटेल्स कुणीतरी काढायचीच असतात.

बाहेर पडायचंच झालं तर एखादा रविवार लाँग बिएन स्टेशनवरून हाय फाँगची गाडी पकड. जेमतेम शंभर किलोमीटर, अडीच तास, संध्याकाळी परत. ती गाडी १९०२ साली सुरू झालेल्या लोखंडी पुलावरून रेड नदी ओलांडते. मध्ये रूळ आणि दोन्ही अंगांना मोटरसायकली. तुझ्या त्या यादीत हा पूल नाहीये.

आता मैत्रिणींबरोबरचा बेत. ऑफिस राहो बाजूला, निव्वळ प्रवास म्हणूनसुद्धा तो मला पटत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा या टप्प्यात कुठेतरी टेट येतो, त्यांचं नवं वर्ष. आठवडाभर देश घरी जातो. गाड्या-बसची तिकिटं महिनाभर आधीच संपलेली, खानावळी बंद, उघड्या असतील त्यांचे दर चढलेले. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे, सलग बसलीस तरी तीस तासांहून जास्त. पस्तीस दिवसांत चार देश म्हणजे तुम्ही तिघी मुख्यतः बसच्या खिडक्या बघणार.

मैत्रिणींनी तिकिटं काढली नसतील तर त्यांना मार्चच्या सुरुवातीला बोलाव. चार देशांचे दोन कर. तुझ्या दुसऱ्या व्हिसाचे ९० दिवस तेव्हाच संपतायत, त्यामुळे बाहेर पडावं लागणारच आहे. मग विमानाने कंबोडियात सिएम रीप गाठा, अंगकोर निवांत बघा, नॉम पेन्हहून बसने सीमा ओलांडून पुन्हा व्हिएतनाममध्ये या. या खेपेला पर्यटक व्हिसावर खरीखुरी पर्यटक म्हणून! ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, तेव्हा तुमचा नाका यादीत आहे का ते आधी बघा. तिथून रेल्वेने टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे: दा नांगला उतरून होई आन, मग हुए. दा नांग ते हुए हा टप्पा दिवसाच करा आणि उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. मध्य व्हिएतनामचा पाऊस तोवर सरलेला असतो. उत्तर लाओस आणि चियांग माई मात्र मार्चमध्ये टाळा, शेतं-रानं जाळल्याच्या धुराने आभाळ दिसत नाही. मैत्रिणींची तिकिटं निघाली असतील, तर चार दिवस हनोई दाखव, पुढे त्या दोघी जातील. मोठ्या आहेत त्या.

एक सूचना बँकॉकच्या मोहासाठी. तुझा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर शनिवारी बाहेर गेलीस की रविवारी परत येता येणार नाही.

उत्तर व्हिएतनाममधल्या हा झांगच्या घाटांत तिघींनी बाइक भाड्याने घ्यायची कल्पना सोडून दे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो. व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या करारातला. म्हणजे परवाना हातात असूनही तू तिथे विनापरवाना, आणि विनापरवाना चालवताना पडलीस तर विमा कंपनी हात वर करते. बाइक भाड्याने देणारा यातलं काही सांगणार नाही. तो फक्त पासपोर्ट ठेवून घ्यायला बघेल, तो कधीही ठेवायचा नाही. स्थानिक चालकाच्या मागे बसून तोच रस्ता करता येतो. दऱ्या बघायलाही मोकळं राहता येतं.

टेटला तू हनोईतच थांबावंस असं मला वाटतं. आधीचा आठवडा मोटरसायकलींवरून संत्र्यांसारख्या छोट्या फळांनी लगडलेली अख्खी झाडं आणि पीचच्या फुललेल्या फांद्या जाताना दिसतील. मग दोन-तीन दिवस तोच रस्ता असा रिकामा, की मधोमध उभं राहता येतं. काकूंकडे पानांत बांधलेले चिकट भाताचे चौकोनी 'बान्ह चुंग' रात्रभर उकळतील. आत डुकराचं मांस असतं, पण 'चाय' प्रकारही करतात, आधी सांगून ठेव. एक मात्र सांभाळ. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं त्यावर त्या घराचं वर्ष अवलंबून असतं, असं मानतात, आणि तो माणूस ठरवून निवडतात. तेव्हा पहिल्या दिवशी न बोलावता कुणाच्या दारात उभी राहू नकोस, आणि त्या रात्री फटाके बघायला बाहेर जाणार असलीस तर परत कधी यायचं ते काकूंना विचारून जा.

घरच्यांच्या फोनचं काय, असंही तू विचारलंयस. तुझ्या ऑफिसात लोक एकमेकांना 'आन कॉम चुआ?' विचारतात, जेवलीस का. काय जेवलीस हे त्यांना जाणून घ्यायचं नसतं. आईचा 'काय पाहिलंस?' त्याच जातीचा आहे. तिला चटयांची गोष्ट सांग.

पुढच्या तिथीला काकूंकडे जाताना फळं ने आणि दोन्ही हातांनी दे. ती आधी पूर्वजांच्या कट्ट्यावर जातील, लगेच कापली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आणि फळवालीला पैसे देताना शून्यं मोज. वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळीच. मी संध्याकाळच्या अंधुक उजेडात चहा आणि सूर्यफुलाच्या बियांचे म्हणून पाच लाख देऊन चालू लागले होते. ती चहावाली गिऱ्हाइकं तशीच बुटक्या स्टुलांवर बसलेली ठेवून चौकापर्यंत माझ्यामागे धावत आली, आणि 'एम, एम' करत नोट माझ्या हातात कोंबून मला चांगली झापून गेली.